जीसीसीच्या बिल्डमधले मेलेले पर्याय काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम्बेडेड बोर्डांसाठी क्रॉस-टूलचेन, म्हणजे एका मशीनवर चालून दुसऱ्या मशीनसाठी कोड बनवणारा कंपायलर आणि त्याची सोबतची हत्यारं, बांधणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. त्यातला कंपायलर म्हणजे जीसीसी. बिल्डची स्क्रिप्ट मला वारशात मिळाली, जशी सगळ्यांनाच मिळते. तिच्यात कॉन्फिगरला (बिल्डआधी काय आणि कसं बांधायचं ते ठरवणारी स्क्रिप्ट) दिलेल्या पर्यायांची रांग स्क्रीनभर होती आणि ‘हे कशासाठी?’ असं विचारलं की ‘राहू दे, चालतंय ना’ हे उत्तर ठरलेलं. ती रांग साफ करताना मला पडलेले आणि नंतर इतरांनी मला विचारलेले प्रश्न इथे आहेत. पर्यायांची नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखीच टाइप करायची.

मेलेला पर्याय म्हणजे नेमका कुठला?

ज्या गोष्टीसाठी तो होता ती गोष्टच जीसीसीतून गेली, पण स्क्रिप्टमधली ओळ राहिली, असा पर्याय. सर्वांत जास्त भेटतो तो ‘डिसेबल-लिबमडफ्लॅप’. मडफ्लॅप ही मेमरीतल्या चुका पकडणारी जुनी यंत्रणा. २०१३ मध्ये जीसीसी ४.८ मध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आला आणि पुढच्याच वर्षी ४.९ मधून मडफ्लॅप काढून टाकलं. तरी आज जीसीसी १३ बांधणाऱ्या स्क्रिप्टमध्येही ते बंद करायची ओळ सापडते. तीच गत ‘डिसेबल-लिबसिल्कआरटीएस’ची: समांतर कोड लिहायची सिल्क प्लस ही सोय जीसीसी ४.९ मध्ये आली आणि ८ मध्ये गेली. मेमरीच्या हद्दी तपासणाऱ्या इंटेलच्या एमपीएक्सची लायब्ररीही पाचमध्ये आली आणि नऊमध्ये गेली. जावाचा कंपायलर जीसीजे सातव्या आवृत्तीत, २०१७ साली गेला आणि जाताना स्वतःचे डझनभर पर्याय घेऊन गेला. ‘विथ-पीपीएल’ आणि ‘विथ-क्लूग’ ही जोडी तर खास आहे. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण तिनं मला तोंडघशी पाडलं.

अनोळखी पर्याय दिला तर कॉन्फिगर बोंब का मारत नाही?

ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं साधन) वापरणाऱ्या साध्या प्रकल्पात मारतं. शेवटी ‘हे पर्याय ओळखता आले नाहीत’ अशी वॉर्निंग येते. जीसीसीत मात्र अळीमिळी गुपचिळी, आणि त्यामागे कारण आहे.

जीसीसीच्या मुळाशी असलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट ही फक्त मुकादम आहे. खरं काम तिच्या खालच्या फोल्डरांतल्या स्क्रिप्ट करतात: कंपायलरची वेगळी, लिबजीसीसी या कंपायलरच्या मदतनीस लायब्ररीची वेगळी, सी++ लायब्ररीची वेगळी. त्यातल्या बऱ्याचशा तर ‘मेक’ सुरू झाल्यावर चालतात. तुम्ही दिलेला पर्याय खालच्यापैकी कुणाच्या कामाचा आहे हे मुकादमाला ठाऊक नसतं. म्हणून तो सगळे पर्याय सगळ्यांना वाटतो आणि तपासणी बंद ठेवतो. खालचेही मग तक्रार करत नाहीत, कारण त्यांच्याकडे येणारे निम्मे पर्याय शेजाऱ्याचे असतात. तपासणी सक्तीने चालू केलीत तर वरची स्क्रिप्ट खालचे चांगले, जिवंत पर्यायही अनोळखी ठरवेल. म्हणजे उपयोग शून्य.

दुसरं कारण आणखी गमतीचं आहे. ‘डिसेबल-अमुक’ यातल्या अमुकसाठी वैध नावांची यादीच नाही. वरची स्क्रिप्ट बांधायच्या फोल्डरांवरून एक फेरी मारते आणि प्रत्येकाला विचारते, तुझ्या नावानं कुणी नकार दिलाय का? दिला असेल तर ते फोल्डर गाळते. फोल्डरच उरलं नसेल तर त्याच्या नावाचा नकार कुणी विचारतही नाही. लग्नाच्या पंगतीत न आलेल्या पाहुण्याला ‘याला वाढू नका’ म्हणून सांगून ठेवल्यासारखं.

यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा: या व्यवस्थेत मेलेला पर्याय आणि टायपिंगची चूक यांत फरक नाही. ‘मल्टिलिब’ (एकाच लायब्ररीच्या निरनिराळ्या प्रती बांधणं) यातला एक आय गळला तर कॉन्फिगर तितकंच शांत राहतं, आणि तुम्ही बंद केलेलं मल्टिलिब आरामात बांधलं जातं. तासभर जास्त लागला की मग डोक्यात प्रकाश पडतो.

काही बिघडत नसेल तर राहू दिले म्हणून काय झालं?

इथे दोन जाती वेगळ्या करा. ‘डिसेबल’ आणि ‘विदाउट’ ही नकाराची जात. तुम्ही जे नको म्हणालात ते आता अस्तित्वातच नाही, म्हणजे तुमची इच्छा आपोआप पूर्ण झाली. हे पर्याय म्हणजे अडगळ आहे, वाचणाऱ्याचा वेळ खाते एवढंच.

‘एनेबल’ आणि ‘विथ’ ही मागणीची जात. ही मेली तर तुम्ही काहीतरी मागितलं, ते मिळालं नाही, आणि कुणी तसं सांगितलंही नाही. धोका इथे आहे.

माझं उदाहरण देतो. जीसीसीत ग्राफाइट नावाचा लूप सुधारणारा भाग आहे. २००९ मध्ये ४.४ बरोबर तो आला तेव्हा त्याला पीपीएल आणि क्लूग या दोन लायब्रऱ्या लागायच्या. ४.८ मध्ये पीपीएलची गरज संपली. पाचव्या आवृत्तीत क्लूगचीही संपली आणि एकट्या आयएसएल या लायब्ररीवर काम भागू लागलं. आमची स्क्रिप्ट ४.९ च्या काळातली, तिच्यात ‘विथ-आयएसएल’ आणि ‘विथ-क्लूग’ दोन्ही होते. नव्या जीसीसीवर जाताना आयएसएलची आवृत्ती जुळेना आणि कॉन्फिगर अडून बसलं. कुणीतरी वैतागून आयएसएलची ओळ उडवली. कॉन्फिगर पुढे सरकलं. क्लूगची ओळ तिथेच होती, त्यामुळे सगळ्यांचा समज असा की ग्राफाइट आहे. आयएसएल स्पष्टपणे मागितलं नाही आणि मशीनवर सापडलंही नाही, तर जीसीसी ग्राफाइटशिवाय मुकाट बांधलं जातं, हे कुणाच्या गावी नव्हतं.

पुढे बऱ्याच काळानं एका ग्राहकाच्या कोडमध्ये ‘लूप-नेस्ट-ऑप्टिमाइझ’चा फ्लॅग आला आणि कंपायलरनं ‘सॉरी, अनइम्प्लिमेंटेड’ अशी माफी मागून सांगितलं की आयएसएल नाही, ग्राफाइट जमणार नाही. आमच्या कागदपत्रांत मात्र ‘ग्राफाइटसह’ असं छापलेलं. पितळ उघडं पडलं ते असं, ग्राहकासमोर.

पण ‘जीसीसी -व्ही’ दिलं की तो पर्याय दिसतो. म्हणजे तो लागू झालाय ना?

नाही. ‘कॉन्फिगर्ड विथ’ या शब्दांनंतर जी लांबलचक ओळ येते ती तुम्ही टाइप केलेल्या मजकुराची नक्कल आहे. त्यातलं काय पाळलं गेलं, काय हवेत विरलं, याची ती पावती नाही. उद्या तुम्ही ‘एनेबल-पुरणपोळी’ दिलंत तरी ती त्या ओळीत इमानेइतबारे दिसेल. करून बघा, मी केलंय.

मेलेले पर्याय वर्षानुवर्षं टिकतात त्याचं एक कारण ही ओळच आहे असं मला वाटतं. नवा माणूस टूलचेन बांधायला बसतो, चालत्या कंपायलरला ‘-व्ही’ विचारतो, आलेली ओळ उचलून स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये चिकटवतो. आमच्या स्क्रिप्टमध्येही मडफ्लॅप असंच आलं असणार.

कुठला पर्याय मेला आहे हे ओळखायचं कसं?

पहिली पायरी म्हणून कॉन्फिगरला ‘हेल्प’ विचारताना बरोबर ‘रिकर्सिव्ह’ जोडा. साधी मदत फक्त वरच्या स्क्रिप्टचे पर्याय दाखवते. पण यावर थांबू नका. ज्या आवृत्तीचं बिल्ड करताय तिच्या सोर्समध्ये ग्रेप मारा, म्हणजे नाव शोधा. पुढचं ‘एनेबल’, ‘डिसेबल’, ‘विथ’ काढून गाभ्याचं नाव घ्या आणि ते दोन रूपांत शोधा: जोडरेघेसह आणि अंडरस्कोरसह. शेल व्हेरिएबलच्या नावात जोडरेघ चालत नाही, त्यामुळे आत सगळीकडे अंडरस्कोर असतो. हे न कळल्यामुळे मी एक जिवंत पर्याय मेलेला ठरवून बसलो होतो.

नाव फक्त चेंजलॉगच्या फायलींत सापडलं तर समजा पर्याय गेला. चेंजलॉग म्हणजे गावाच्या वेशीवरचे वीरगळ, कोण कधी पडलं ते तिथे कोरलेलं असतं. त्या नोंदीवरून कुठल्या आवृत्तीत गेला तेही कळतं.

उलट बाजूचा सापळाही आहे. एखाद्या पर्यायाची रीतसर घोषणा कुठल्याच कॉन्फिगरच्या मूळ फाइलमध्ये सापडली नाही म्हणून तो मेलेला ठरत नाही. ‘विथ-आर्च’, ‘विथ-सीपीयू’, ‘विथ-फ्लोट’, ‘विथ-एबीआय’ हे सगळे कॉन्फिग-डॉट-जीसीसी या फाइलमध्ये थेट शेल व्हेरिएबल म्हणून वाचले जातात. प्रत्येक टार्गेटला (ज्या प्रोसेसर-सिस्टीमसाठी कोड बनवायचा ती) यातले कुठले चालतात त्याची तिथे नोंद असते आणि न चालणारा दिलात तर ‘हे टार्गेट हा पर्याय घेत नाही’ म्हणून बिल्ड थांबतं. जीसीसीत जिथे शिस्त आहे ती इथे. बाकीच्या घराला हा नियम लागू असता तर हे पान लिहावं लागलं नसतं.

‘एनेबल-लँग्वेजेस’ही असाच तोंडाळ आहे. सातव्या आवृत्तीनंतर त्यात जावा लिहा, मागितलेली भाषा बांधता येत नाही असं सांगून आणि कुठल्या येतात त्याची यादी देऊन तो तिथल्या तिथे बाहेर पडतो.

सगळे एकदम काढू की एकेक?

नकाराच्या जातीतले एकदम. मागणीच्या जातीतले एकेक, आणि प्रत्येक काढताना हा प्रश्न विचारून: आपल्याला ती गोष्ट खरंच हवी होती का? हवी असेल तर आज तिचं नाव काय आहे ते शोधा. आमच्या बाबतीत क्लूग काढणं हे अर्धं काम होतं. आयएसएल परत आणणं हे उरलेलं अर्धं.

तपासायला काढण्याआधीच्या आणि नंतरच्या बिल्डमधल्या कॉन्फिग-डॉट-लॉग फायली आणि तयार झालेल्या ऑटो-होस्ट-डॉट-एच या हेडरची तुलना करा. हेडरमध्ये एका अक्षराचाही फरक नको.

आमची एकच स्क्रिप्ट जीसीसीच्या तीन आवृत्त्या बांधते. एकीत जिवंत, दुसरीत मेलेला, असं असेल तर?

आवृत्तीची अट घाला आणि शेजारी कॉमेंटमध्ये लिहा की हा पर्याय कुठल्या आवृत्तीपासून गेला. जुनी आवृत्ती बंद कराल त्या दिवशी ती अट शोधून काढणं सोपं जातं.

बिल्ड थांबतं आणि ‘हे कॉन्फिगरेशन ऑब्सोलीट आहे’ असं सांगतं. काय करू?

हा प्रकार वेगळा. इथे पर्याय मेलेला नाही, तुमचं टार्गेट मरणपंथाला लागलंय आणि जीसीसी ते आधी सांगतंय. संदेशाचा आशय असा: हे कॉन्फिगरेशन कालबाह्य आहे, तरी बांधायचंच असेल तर ‘एनेबल-ऑब्सोलीट’ द्या, आणि कुणी सांभाळायला पुढे आलं नाही तर पुढच्या मोठ्या आवृत्तीत हे काढलं जाईल.

तो पर्याय द्या, आजचं काम भागेल. पण जीसीसीची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी येते, म्हणजे तुमच्या हातात एखादं वर्ष आहे. सोलारिस १० नवव्या आवृत्तीत कालबाह्य ठरलं आणि दहाव्यात गेलं. निऑस टू हा एफपीजीएवर चालणारा प्रोसेसर चौदाव्यात यादीत आला आणि पंधराव्यात नव्हता.

‘कुणी पुढे आलं नाही तर’ ही ओळ मात्र नुसती शिष्टाचाराची नाही. इटॅनियमचं बघा. इंटेलनं २०२१ मध्ये त्या चिप पाठवणं बंद केलं. लिनक्स कर्नलनं जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ मधून त्याचा आधार काढला. जीसीसी १४ नं त्याला कालबाह्य यादीत टाकलं. सगळ्यांनी तेरावं घालून ठेवलेलं, आणि तेवढ्यात सांभाळायला माणूस पुढे आला. पंधराव्या आवृत्तीसाठी त्याचं नाव यादीतून काढलं गेलं. ज्याच्या कारखान्यात इटॅनियमचं जुनं मशीन अजून धडधडतंय त्याला याचं महत्त्व विचारा.

कंपायलरला देतो त्या फ्लॅगचं काय? ते पण असेच मरतात का?

मरतात, पण त्यांचा अंत्यविधी नीट होतो. ४.९ मध्ये मडफ्लॅप गेलं तेव्हा त्याचे कंपाइल करतानाचे फ्लॅग ठेवले गेले, फक्त ते काहीच करत नाहीत. जगभरच्या मेकफायली एका रात्रीत मोडू नयेत म्हणून. जीसीसीत फ्लॅगची नोंद एका ठरलेल्या फाइलमध्ये असते आणि ‘दुर्लक्ष कर’ किंवा ‘आता चालत नाही अशी वॉर्निंग दे’ असं तिथे नावानिशी लिहिता येतं. कॉन्फिगरच्या पर्यायांना अशी वहीच नाही.

जीसीसीच्याच सोर्समधून एखादा पर्याय काढायचा असेल तर कुठे कुठे हात लावावा लागतो?

वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी. समजा एखादी लायब्ररी चालली आहे. तिचं फोल्डर उडवणं सोपं. मग वरच्या कॉन्फिगर-डॉट-एसीमधले तिचे उल्लेख, मेकफाइल-डॉट-डेफमधली तिची नोंद, कुठली टार्गेट तिला आधार देत नाहीत याच्या अटी, आणि इन्स्टॉल-डॉट-टेक्सी या दस्तऐवजातला परिच्छेद. हा शेवटचा राहिला की पाच वर्षांनी कुणीतरी तो वाचून पर्याय देत राहतं. टार्गेट काढताना कॉन्ट्रिब फोल्डरमधली कॉन्फिग-लिस्ट-डॉट-एमके ही यादीही बघा. सगळी टार्गेट ओळीनं बांधून पाहायला ती वापरतात.

खरी कसोटी पुढे आहे. कॉन्फिगर ही स्क्रिप्ट हातानं लिहिलेली नसते, ऑटोकॉन्फ ती तयार करतं, आणि तयार झालेली फाइलही गिटमध्ये असते. जीसीसीला ऑटोकॉन्फ नेमकं २.६९ लागतं. २.६९ आलं २०१२ मध्ये. तुमच्या लिनक्सवर २.७१ किंवा पुढचं असणार. ते चालवलंत तर ‘नेमकं २.६९ वापरा’ असं सांगून बाहेर पडतं. ही अट जाचक वाटते, पण ती नसती तर एक ओळ काढणाऱ्या पॅचमध्ये हजारो ओळींचा गोंधळ आला असता आणि तपासणाऱ्यानं तो वाचलाच नसता. २.६९ वेगळ्या फोल्डरमध्ये बांधून ठेवा. मेकफाइल-डॉट-डेफपासून मेकफाइल-डॉट-इन करायला ऑटोजेन नावाचं आणखी एक हत्यार लागतं, तेही घेऊन ठेवा.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. ही वरची कॉन्फिगर आणि मेकफाइल-डॉट-डेफ एकट्या जीसीसीची नाही. बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे) आणि जीडीबी (डीबगर) यांच्या रेपॉझिटरीत त्याच फायली असतात. दोन्हीकडे बदल गेला पाहिजे, नाहीतर सामायिक बांधावरचं झाड एकानं तोडलं आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर ते तसंच उभं, अशी गत होते.

एलएलव्हीएममध्ये, म्हणजे जीसीसीच्या स्पर्धक कंपायलर प्रकल्पात, हेच बरं आहे म्हणतात. खरं का?

थोडं बरं. एलएलव्हीएमनं २०१६ मध्ये ३.९ पासून ऑटोकॉन्फला पूर्ण रामराम ठोकला, आता फक्त सीमेक हे बिल्डचं दुसरं साधन. सीमेकला न वापरलेलं व्हेरिएबल दिलंत तर शेवटी ‘हातानं दिलेली ही व्हेरिएबल प्रकल्पानं वापरली नाहीत’ अशी यादी येते. म्हणजे ‘एलएलव्हीएम-एनेबल-टर्मइन्फो’, जो १९ व्या आवृत्तीत गेला, तो आज दिलात तर निदान कानावर येईल. अर्थात शेकडो ओळींच्या आउटपुटच्या तळाशी, आणि बिल्ड यशस्वी झालं की तिकडे कोण बघतं. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) ती ओळ शोधून बिल्ड पाडायची सोय मी करून ठेवली आहे.

काही जागी एलएलव्हीएमनं खरोखर चांगलं वागून दाखवलंय. लिबसी++ ‘प्रोजेक्ट्स’च्या यादीत देणं बंद करायचं ठरलं तेव्हा आधी ‘रनटाइम्सच्या यादीत द्या’ म्हणून वॉर्निंग दिली, मग तिचीच एरर केली. नवं नाव संदेशातच होतं.

सीमेकचा स्वतःचा सापळा म्हणजे कॅश. पर्याय प्रकल्पातून गेला तरी तुमच्या जुन्या बिल्ड फोल्डरमधल्या सीमेककॅश फाइलमध्ये त्याची किंमत तशीच बसून राहते, आणि तिथे डोकावणाऱ्याला वाटतं की तो चालू आहे. साफसफाई केली की बिल्ड फोल्डर नव्यानं बनवा.

मग पर्याय काढायची आदर्श पद्धत कुणाची?

माझं मत बिल्डरूटला, म्हणजे एम्बेडेड लिनक्सची अख्खी सिस्टीम बांधणाऱ्या प्रकल्पाला. तिथे पर्याय काढला की त्याची नोंद कॉन्फिग-डॉट-इन-डॉट-लेगसी या फाइलमध्ये जाते. तुमच्या जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये तो असेल तर बिल्ड सुरूच होत नाही. मेन्यूत ‘लेगसी’ असा वेगळा भाग उघडतो आणि काय गेलं, त्याऐवजी काय घ्यायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. टूलचेन बांधून देणारं क्रॉसटूल-एनजीही जुनं कॉन्फिगरेशन नव्यात बदलायची कमांड देतं. ग्राफाइटच्या वेळी मला असं कुणी अडवलं असतं तर ग्राहकासमोरची ती दुपार वाचली असती.

पॅच पाठवायचा तर कंपनीच्या सहीचे कागद लागतात ना?

पूर्वी लागायचे. जून २०२१ पासून जीसीसीत कॉपीराइट लिहून द्यायची सक्ती नाही, पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ लिहून तुम्ही डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनला (हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे, या हमीला) बांधील होता. नोकरीच्या करारात काय आहे ते मात्र स्वतः वाचा.

आतलं काही कळत नाही म्हणून बिचकत असाल तर पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या आहेत. तिथलं शिकवण्याचं साहित्य जुन्या आवृत्त्यांचं असलं तरी आराखडा समजायला अजून कामाचं आहे.

मेलेले वाटतात पण जिवंत आहेत, असे कुठले?

‘डिसेबल-लिबएसएसपी’ला हात लावू नका, ते फोल्डर अजून सोर्समध्ये आहे. ‘डिसेबल-लिबक्वाडमॅथ’ आणि ‘डिसेबल-लिबगॉम्प’ही जिवंत. ‘विदाउट-हेडर्स’ जुनाट दिसतो, पण सी लायब्ररी नसताना पहिल्या टप्प्याचा कंपायलर बांधायला तोच लागतो.

आणि ‘विथ-न्यूलिब’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. न्यूलिब ही छोट्या सिस्टीमसाठीची सी लायब्ररी. आमच्या टूलचेनमध्ये ती कधीच नव्हती, आम्ही जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी वापरतो, म्हणून एका उत्साही मुलानं तो पर्याय काढला. पहिल्या टप्प्यातच लिबजीसीसीचं बिल्ड हेडर सापडत नाही म्हणून कोसळलं. क्रॉस-कंपायलरच्या पहिल्या टप्प्यात हा पर्याय ‘सी लायब्ररी आहे असं धरू नकोस’ एवढंच सांगायला देतात. तो परत घातला आणि वर तीन ओळींची कॉमेंट लिहिली. मुलगा म्हणाला, नाव बदलायला काय झालं यांना?

उत्तर माझ्याकडे नव्हतं.